पानावर गुलाबी, कापडावर कुंकू

मी सहसा बोलत नाही. बोललो की घरातली माणसं दचकतात. माझा आवाज आला म्हणजे कागद अडकलेला असतो, शाई संपलेली असते, नाहीतर झाकण नीट बसलेलं नसतं, आणि रूपाली हातातलं काम टाकून धावत येते, "आता काय झालं रे बाबा?" म्हणत. आज काहीच झालेलं नाही. कागद आहे, शाई आहे, झाकण बसलेलं आहे. तरी बोलतोय. कारण त्याच झाकणावर तीन बोटांचा एक पिवळा डाग आहे आणि घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं, "हे काय सांडलं?" रूपाली दर वेळी वेगळं उत्तर देते. खरं उत्तर मला ठाऊक आहे.

तर मी एक शाईचा प्रिंटर. चार टाक्यांचा: काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी. जन्म कुठल्या कारखान्यातला ते खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, पण त्या खोक्याची पहिल्याच दिवशी एसटी झाली. रूपालीची तीन वर्षांची लेक, सुकन्या, त्या एसटीत बसून उदगीरला जाऊन आली आणि येताना तळ फाडून उतरली. त्यामुळे माझ्या जन्मस्थळाचा पुरावा आता उरलेला नाही.

घर लातूरला, दोन खोल्यांचं, भाड्याचं. रूपालीचा नवरा व्यंकट तेलमिलमध्ये सुपरवायझर. रूपाली बी.एस्सी., बी.एड. शिक्षिकेच्या जागा निघायची वाट बघता बघता सुकन्या झाली आणि वाट बघायलाही वेळ उरला नाही. पोरीला मांडीवर निजवून एका हातानं मोबाईलवर ती कपांवर, कपड्यांवर घरच्या घरी छपाई कशी करतात त्याचे व्हिडिओ बघायची. बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "आपल्याला काय जमणार." मग पुढचा व्हिडिओ लावायची. असं बरेच दिवस चाललं आणि शेवटी मी आलो.

माझ्याबरोबर खोक्यातून शाईच्या बाटल्या आल्या होत्या. त्या तिनं कपाटात ठेवून दिल्या आणि वेगळ्याच बाटल्या काढल्या. त्या शाईला सब्लिमेशनची शाई म्हणतात. साधी शाई कागदावर राहायला येते. ही नुसती मुक्कामाला येते. तो कागद कापडावर किंवा कपावर पालथा घालायचा, वरून तापलेल्या लोखंडी प्रेसनं दाबायचा, की शाईची वाफ होऊन ती कापडाच्या आत शिरते आणि तिथलीच होते. धुतली, घासली, उन्हात टाकली तरी जात नाही. मात्र कापड सुती चालत नाही, पॉलिस्टर लागतं. आणि एकदा ही शाई माझ्या पोटात गेली की माझी गॅरंटी संपली.

"एकदा वतली की माघारी न्हाई बरं," व्यंकट म्हणाला होता.

"माहिताय."

"मंग बूच कामून परत लावायलीस?"

"बूच माझं हाय. लावू दे की."

मी चांगला प्रिंटर आहे की नाही, याबद्दल माझं स्वतःचं मत अजून पक्कं झालेलं नाही. याचं कारण असं, की माझ्यातून बाहेर पडलेलं पान कधीच बरं दिसत नाही. रंग फिके, धुवून काढल्यासारखे. अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी, कारण पान पालथं घातल्यावर ती सुलटी उमटायची असतात. पहिलं पान, सुकन्याच्या फोटोचं, बघून रूपालीचा चेहरा असा पडला, की मला वाटलं आपण आता परत खोक्यात जाणार. खोकं उदगीरला गेलेलं होतं हे त्यातल्या त्यात बरं. मग तिनं ते पान कपाला गुंडाळून तापवलं आणि सुकन्याच्या तोंडाभोवतीचं वरण सुद्धा लख्ख पिवळं उठून आलं. तेव्हापासून मी ठरवलंय, आपण निघालेल्या पानाकडे बघायचंच नाही. आपलं काम कसं झालं ते दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच्या धगीनं कळतं.

ती धग म्हणजे प्रेस. ती गॅलरीत असते. तिच्या वाफेचा वास पोरीच्या नाकात जाऊ नये म्हणून रूपाली आधी खिडकी उघडते, पंखा बाहेर तोंड करून लावते, तोंडाला दस्ती बांधते, सुकन्याला आतल्या खोलीत सोडून दाराला कडी घालते. तरी चित्त नसतं. प्रेस तापेपर्यंत दोनदा हाक मारते, "सुकन्या, काय करायलीस?"

"काहीच न्हाई," आतून उत्तर येतं.

या उत्तराला रूपाली जगात सगळ्यात जास्त भिते.

माणसांचं मला एक कळलेलं नाही. फोटो काढून घ्यायला येतात ते कपावर. नवऱ्याचा फोटो, लेकाचा फोटो, गुरुजींचा फोटो. पण त्या कपात चहा पिताना कुणाला बघितलं नाही. एका बाईंनी सांगितलं, "यांच्या तोंडाला तोंड लावून च्या कसा प्यावा, कसंतरीच वाटतंय." कप शोकेसमध्ये गेला, त्यात पेनं आणि एक तुटका कंगवा. असो. माझं काम छापण्याचं.

आणखी एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पांढरा रंग माझ्याकडे नाही. जिथं पांढरं हवं तिथं मी काहीही करत नाही; ती जागा सोडून देतो आणि कापड आपला पांढरेपणा आपणच दाखवतं. म्हणून कापड मुळात पांढरं लागतं. रूपालीला हे वाचून पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि थोरल्या चुलतसासूसमोर तोंड उघडणं वेगळं.

व्यंकटच्या धाकट्या भावाचं, हरिओमचं, लग्न ठरलं. मुलगी देगलूरची. यांचं गाव उदगीरच्या अलीकडे. व्यंकटचे वडील हरिओम पाळण्यात असताना गेले, आणि दोन्ही पोरं वाढवली ती आईनं, सरजाबाईनं. शेत तिनं केलं, म्हशी तिनं धुतल्या, हरिओमला सायकल शिकवताना ओढ्यात पडली ती पण तीच. पण घरातल्या कार्याची सूत्रं तिच्या हातात नाहीत. ती थोरल्या जावेच्या, सिंधूकाकूंच्या हातात. काकूंचं कुंकू आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीही लांबून ओळखू येतं.

एका दुपारी दोघी जावा लातूरला आल्या. गंजगोलाईतून खरेदी करून थेट आमच्या घरी. काकूंनी गठ्ठा माझ्यासमोर आपटला. सगळं पिवळंधमक.

"रूपाली, हे घे. बाप्यांला आन पोरांला टी-शर्ट, बायांला वढण्या. हळदीला समदे सारखे दिसायला पायजेत. समद्यावर हरिओमचा फोटो, आन खाली ज्याचं त्याचं नातं. नवरदेवाचा मामा, नवरदेवाची मावशी, असं. कळ्ळं?"

रूपालीनं तोंड उघडलं. "काकू, ते पिवळ्यावर…"

"मंग हळदीला काय पांढरं नेसतेत का?"

"न्हाई, तसं न्हाई, पण…"

"झालं तर मंग. च्या टाक."

रूपालीनं चहा टाकला. काकू नाती सांगत गेल्या, ती मोबाईलवर उतरवत गेली. मामा, मामी, आत्या, आत्याचे मालक. "नवरदेवाची काकू, हे जरा मोठ्या अक्षरात," असं म्हणून काकू स्वतःच हसल्या. मग बशी खाली ठेवत म्हणाल्या, "बास. झालं."

"आन आई?" रूपालीनं विचारलं.

"कुणाची आई?"

"नवरदेवाची."

काकू रागावल्या नाहीत. उलट आवाज खाली आणून, समजूत घालावी तशा म्हणाल्या, "सरजा काय हळदीत बसती का, बाई? सवाष्णींचं काम हाय ते. तुला काय नव्यानं सांगायचं?"

सरजाबाई सुकन्याच्या वेण्या घालत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला कशाला वढणी? मी चुलीपाशी. धुरानं काळी व्हायची नुसती."

काकू हसल्या. सरजाबाई सुद्धा. रूपाली हसली नाही. माझ्यात कधी कधी कागद अडकतो, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. तसं काहीतरी तिच्यात अडकलं, हे मला दिसलं. ज्या बाईनं पोर वाढवलं, तिनं त्याच्या हळदीला आतल्या खोलीत बसायचं, कारण तिचा नवरा नाही. यात नवीन काही नव्हतं. रूपालीच्या माहेरीही हेच होतं. तिला फक्त पहिल्यांदाच ते एका मोबाईलवर आपल्या हातानं उतरवून घ्यावं लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं एका टी-शर्टवर हरिओमचा फोटो काढून बघितला. प्रेस उचलली आणि डोक्याला हात लावला. हरिओमचे दात पिवळे. डोळ्यांची बुबुळं सोडून बाकीचे डोळे पिवळे. अंगातला निळा शर्ट हिरवा. गाल तर असे, की कुणीही आधी लघवी तपासायला सांगावी.

सुकन्या वाकून बघत म्हणाली, "काकाला बरं न्हाई?"

व्यंकट इतका हसला की त्याला उचकी लागली. त्यानं त्याचा फोटो काढून भावाला पाठवला. लगेच फोन आला. "वहिनी, मला लग्नाला न्यायलेत का दवाखान्यात?"

"हसू नका भावजी. मी रडायलेय इथं."

"न्हाई, मी म्हनतो हळद कशाला लावायची मंग? तुम्ही तर आतूनच लावली."

तिनं फोन ठेवला आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. "चुकलं माझं. तवाच बोलायला पायजे होतं. एवढी शिकलेय आन एक वाक्य बोलता येईना." हे ती मला म्हणाली की स्वतःला, ठरवता आलं नाही. मी काय बोलणार? माझी तर शाई बरोबर होती.

रोज सकाळी रूपाली माझी एक चाचणी घेते. चार रंगांच्या बारीक रेघा एका पानावर काढायला लावते. माझी तोंडं फार बारीक असतात, वापरली नाहीत की सुकतात. रेघ तुटली की समजायचं सुकायला लागलं. त्या दिवशीचं रेघांचं पान तिथंच पडलेलं होतं. तिनं ते उचललं, खराब झालेल्या टी-शर्टच्या पाठीवर पालथं घातलं आणि दाबलं. का, ते तिला विचारलं तर तिनं सांगितलं असतं की काहीच सुचत नव्हतं म्हणून.

काळ्या रेघा काळ्याच आल्या. निळ्या होत्या त्या हिरव्या झाल्या. पिवळ्या तर दिसेनातच. आणि माझ्या त्या फिक्या गुलाबी रेघा, ज्यांची मला कायम लाज वाटत आलेली आहे, त्या पिवळ्यावर लालभडक उमटल्या. पानावर गुलाबी, कापडावर कुंकू.

रूपाली तो टी-शर्ट खिडकीपाशी घेऊन गेली, परत आली, परत गेली. मग फोटो काढून काकूंना पाठवला आणि दाताखाली नख धरून बसली. फोटो नाही, नुसतं नातं, या रंगात, चालेल का?

काकूंचा आवाज फोनमधून बाहेर सांडत होता. "अगं फोटू गेला उडत. हळदीवर कुंकू हाय हे. ह्याच्याहून शुभ काय असतंय? हेच काढ."

गोष्ट इथं संपायला माझी हरकत नव्हती. पुढचे दिवस मी नुसती नाती काढली. नवरदेवाचा चुलता. नवरदेवाची करवली. गुलाबी टाकी झपाझप उतरत गेली. बाकीच्या तिघी बघत राहिल्या. रूपाली कापडावरचं तूस चिकटपट्टीनं काढायची, पान ठेवायची, दाबायची. नातेवाईक एकावर एक घडी होऊन बसले. एक ओढणी उरली.

तिला ती उरणारच आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं मला वाटतं.

पण आता नवाच पेच होता. कुंकवाचा रंग सरजाबाईंना कसा द्यायचा? फोटो जमला असता तर अक्षरांच्या रंगाकडे कुणी बघितलंही नसतं. रूपालीनं चिंध्यांवर 'नवरदेवाची आई' काढून बघितलं. काळ्यात काढलं आणि लगेच उलटं करून ठेवलं. हळदीत काळा कोण घालतं? निळ्याचा हिरवा झाला, म्हणजे चुड्याचा रंग, तोही सवाष्णीचाच. मग तिनं नुसत्या पिवळ्यात काढलं. पिवळ्यावर पिवळं. छापलेलं आहे, पण दिसत नाही. तो तुकडा तिनं बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, हेच करणार. आमच्यासारख्या भित्र्यांना असले उपाय फार आवडतात.

तिनं तोही बाजूला ठेवला. माझ्या चार टाक्यांत मिळून सरजाबाईंसाठी एक रंग निघाला नाही. ओढणी कोरीच पिशवीत गेली.

हळदीच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन: माणसं वाढायलीत, मशीन घेऊनच या. व्यंकटनं जीप ठरवली. प्रेस मागे, गाद्यांमध्ये. मी मात्र रूपालीच्या मांडीवर, कारण मी कलंडलो तर माझ्या टाक्या एकमेकींत मिसळतात. सुकन्या व्यंकटच्या मांडीवर. आयुष्यात मला इतकं जपून कुणी नेलेलं नाही.

"खड्डा, खड्डा! बघा की."

"खड्डा रस्त्यात हाय, माझ्या हातात हाय का?" व्यंकट म्हणाला. "आन पोरगी खाली पडली तर चाललं, मशीन पडू नगं, असं हाय का?"

"पोरगी पडली तर रडती तरी. हे बोलत न्हाई."

गावात, हळदीच्या दिवशी, मला आतल्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीवर ठेवलं. व्होल्टेज कमी, मी दम लागल्यासारखा छापत होतो. बाहेर मांडव, डीजे, पिवळ्या माणसांची ये-जा. दारातून मला मांडवाचा एक बांबू आणि डीजेचा डबा दिसायचा, बाकी काही नाही. आत मी, उघड्या खिडकीपाशी प्रेस, रूपाली, लांबच्या कोपऱ्यात निजलेली सुकन्या, आणि लसूण सोलत बसलेल्या सरजाबाई. कार्यात ज्यांना बाहेर जागा नव्हती ते आम्ही सगळे एका खोलीत आलो होतो.

उशिरा आलेल्या पाहुण्यांची नाती निघत होती. सरजाबाई पहिल्यांदाच माझं काम जवळून बघत होत्या.

"हे उलटं कामून काढतंय गं?"

"दाबल्यावर सुलटं होतं, आई."

"आन असं फिकं?"

"ते बी दाबल्यावरच खुलतं."

"नशीब," सरजाबाई म्हणाल्या. "आमचा रंग तर दाबल्यावर उडतो."

रूपाली हसली. मग हसणं मध्येच थांबवून तिनं मोबाईलवर काहीतरी केलं आणि मला एक पान काढायला लावलं. मी काढलं. गुलाबी. उलटं. तिनं पिशवीतली कोरी ओढणी प्रेसवर पसरली. "आई, तेवढा काठ धरता का? सरकायलाय." सरजाबाईंनी हात पुसून काठ ताणून धरला. उलटी अक्षरं त्यांना वाचता येईनात. सुलटी येतात, हळूहळू, हरिओमच्या पहिलीच्या पुस्तकावर त्या शिकल्या होत्या.

प्रेस खाली आली. रूपालीचे ओठ हलत होते. ती वेळ मोजत होती की देवाचं नाव घेत होती कोण जाणे. प्रेस वर गेली. तिनं कागद सोलला.

सरजाबाई एकेक अक्षर लावत गेल्या. "नवर… देवाची…" आणि थांबल्या. पुढची दोन अक्षरं त्यांनी मोठ्यानं वाचली नाहीत.

"पूस ते," त्या म्हणाल्या.

"पुसत न्हाई, आई."

"राकेल लाव."

"राकेलनं बी जात न्हाई. वरून लावलेलं न्हाई ते. आत गेलंय कापडाच्या."

सरजाबाईंनी कपाळावरून हात फिरवला. कपाळ मोकळं होतं. खोलीत प्रेसची धग होती, घाम आला असेल. आणखी काही होतं का, ते मला सांगता येणार नाही. मी प्रिंटर आहे.

तेवढ्यात काकू आत आल्या, कुण्या पाहुणीसाठी ओढणी न्यायला. अंगावर 'नवरदेवाची काकू', मोठ्या अक्षरात. समोरची गरम ओढणी त्यांनी उचलली, वाचली, आणि रूपालीकडे बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मशीननं…" रूपालीचा आवाज अगदीच बारीक झाला. "चुकून निघालं, काकू."

मी आजवर चुकून कोरी पानं काढली आहेत, तिरकी काढली आहेत, एकदा तर एकाच्या अंगावर दुसऱ्याचा वाढदिवस काढलाय. पण चुकून आई मी कधी काढलेली नाही. तरी गप्प राहिलो. आणि नेमका तेव्हाच माझा कागद संपला आणि मी जोरात 'टुंक' केलं. तिघीही माझ्याकडे बघायला लागल्या, जणू मी कबूलच केलं.

"तिला नगा बोलू अक्का," सरजाबाई म्हणाल्या. त्यांनी काकूंच्या हातून ओढणी घेतली, उलटसुलट करून बघितली. "निघालं तर निघालं. आता पुसत न्हाई म्हनती. कोरं कापड हाय, टाकून द्यायचं का? का पायपुसणं करू? पाहुणे पाय पुसतील नवरदेवाच्या आईला."

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "सिंधूबाई! पाचवी सवाष्ण कुठं गेली? मुहूर्त टळायलाय!"

"मंग ये," काकू म्हणाल्या. "पर लांब बस. हात लावू नगंस."

"न्हाई लावत."

सरजाबाई उठल्या. मांडीवरची लसणाची टरफलं झटकली. ओढणी डोक्यावरून घेतली, मग काढून खांद्यावर घेतली, मग परत डोक्यावरून. दारात एकदा थांबल्या. मला वाटलं, परत फिरणार. रूपालीलाही तसंच वाटलं, कारण ती माझं झाकण दोन्ही हातांनी धरून उभी होती. मग दार रिकामं झालं.

पुढचं मला दिसलं नाही. बांबू आणि डीजेचा डबा, एवढंच. बायकांची गाणी, हसणं, कुणाच्या तरी डोळ्यात हळद गेली त्याचा गोंधळ. आणि मग वीज गेली. डीजे थांबला, माझे दिवे विझले. वीज नसली तरी आम्हाला ऐकू येतं, हे माणसांना माहीत नसतं.

त्या शांततेत हरिओमचा आवाज आला. "आई, तिथं कुठं बसलीस कोपऱ्यात? दिसंना झालीस."

"हाय इथंच. दिसतंय मला."

"तुला दिसतंय. मला दिसंना."

मग वाटी पाटावर ठेवल्याचा आवाज, आणि काकू, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा: "देगलूरला धाडायची हळद काढून ठेवलीय. ही वाटीत उरली. एवढी हळद टाकून द्यायची का, सरजे?"

एक कुत्रं भुंकून थांबलं.

"टाकून कशाला द्यायची," सरजाबाई म्हणाल्या.

यापलीकडे काही ऐकू आलं नाही. फक्त रूपाली, जी इतका वेळ दाराशी उभी होती, ती पदरात तोंड घालून आत आली आणि निजलेल्या सुकन्याचं पांघरूण उगाचच नीट करत बसली.

थोड्या वेळानं सरजाबाई आल्या. लसूण अर्धा राहिला होता. खाली बसताना त्यांचे गुडघे दुखतात; काहीतरी धरून बसावं लागतं. पेटीवर मी होतो. त्यांनी माझ्यावर हात टेकला आणि बसल्या.

"आई, हात…" रूपाली म्हणाली. मग तिनं माझ्या झाकणाकडे बघितलं, आणि पुढचं गिळलं.

आता मी परत लातूरला आहे. गुलाबी टाकी नव्यानं भरलेली, बाकीच्या अर्ध्यावर. पोटात वाया गेलेल्या शाईचा एक स्पंज असतो, तो भरत आलाय. एक दिवस दिवा लागेल आणि कुणीतरी म्हणेल, गेला हा. त्याला अजून अवकाश असावा. सध्या एका शाळेचे बिल्ले चालू आहेत, पांढरे, सोपे. ऑर्डर घेताना रूपाली आता आधी विचारते, "कापड कुठलं? रंग कुठला?" आवाज अजून बारीकच असतो, पण विचारते.

सरजाबाई ती ओढणी शेतात डोक्याला बांधतात. रूपाली फोनवर दर वेळी विचारते, "रंग गेला का हो आई?" धंद्याची काळजी. "न्हाई गेला," उत्तर येतं. "काल सोड्यानं धुतली."

रोज सकाळी रेघांचं पान काढल्यावर रूपाली ओल्या फडक्यानं मला पुसते. टाक्यांवरून, कडांवरून, बटणांवरून. तीन बोटांपाशी आली की फडकं उचलते आणि पलीकडून पुढे पुसत जाते. मी पांढरं सोडतो, तशी ती ती जागा सोडते.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर एवढंच सांगणं, त्याला रोज एक तरी पान काढू द्या; नुसतं झाकून ठेवलं की आमची तोंडं सुकतात. आणि कधी आमच्या घरी आलात, तर झाकणाकडे बघून काय सांडलं म्हणून विचारू नका. बिचारीला दर वेळी नवं उत्तर शोधावं लागतं. सांडलेलं काही नाही. उरलेली हळद होती. वाया गेली नाही.